पनवेल-वसई लोकल : आराखडा कागदावर आहे तोवर बोला

वसई रोड, जुचंद्र, कामण, खारबाव, भिवंडी, कोपर, दिवा, निळजे, तळोजे, कळंबोली, पनवेल. या पट्ट्यात राहणाऱ्या, इथून रोज कामावर जाणाऱ्या, इथे ज्यांची शेती, मिठागर, यंत्रमाग किंवा दुकान आहे अशा प्रत्येकासाठी हे आवाहन आहे. तुमच्या गावाच्या, वस्तीच्या, सोसायटीच्या शेजारून लोकल धावायची आहे. तिचं स्टेशन कुठे असेल, पूल किती रुंद असेल, फाटक बंद झाल्यावर पलीकडच्या शाळेत मुलं कशी जातील, पावसाचं पाणी कुठल्या मोरीतून निघेल, हे सगळं कागदावर ठरतं. ते ठरवणाऱ्यांच्या खोलीत आजवर तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही. बोलावणं येईल याची वाट पाहण्याइतका वेळही आता हाताशी नाही.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या, म्हणजे एमयूटीपीच्या, '३ ब' टप्प्यात तीन कामं आहेत. बदलापूर ते कर्जत तिसरी आणि चौथी मार्गिका, आसनगाव ते कसारा चौथी मार्गिका आणि पनवेल ते वसई हा नवा उपनगरी मार्ग. तिन्ही मिळून सुमारे १३६ किलोमीटर आणि अंदाजित खर्च १४,९०७ कोटी रुपये. यातले जवळपास ६९ किलोमीटर एकट्या पनवेल-वसईचे आहेत. ही कामं ज्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे आहेत ते १९९९ मध्ये स्थापन झालं. त्यात ५१ टक्के वाटा रेल्वे मंत्रालयाचा आणि ४९ टक्के महाराष्ट्र शासनाचा आहे. तेव्हा 'रेल्वे केंद्राची, आपण काय बोलणार' हे वाक्य आधी मनातून काढून टाका. या कंपनीचा जवळजवळ निम्मा मालक आपलं राज्य आहे. आपला आमदार आणि आपला पालकमंत्री यांना या मार्गाबद्दल जाब विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

हा मार्ग व्हायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुंबईची लोकल जन्मापासून एका दिशेने वाढली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली तेव्हापासून बहुतेक रूळ दक्षिणेच्या टोकाकडे तोंड करून आहेत. माणसं मात्र आता तशी राहत नाहीत. वसईचा मुलगा तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, डोंबिवलीची मुलगी वसईच्या कॉलेजात शिकवते, भिवंडीच्या गोदामांत चहूबाजूंनी कामगार येतात. त्यांच्यासाठी आडवी लोकल नाही. दिवा-वसई आणि दिवा-पनवेल हे रूळ कित्येक वर्षांपासून आहेत, पण ते मुख्यतः मालगाड्यांचे आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. त्यावर दिवसातून मोजक्या मेमू धावतात. एक चुकली की पुढच्या गाडीसाठी ताटकळायचं, नाहीतर चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्त्याच्या खड्ड्यांतून जायचं. भिवंडीसारखं लाखोंच्या वस्तीचं शहर मुंबईला एवढं खेटून असूनही त्याला आजवर उपनगरी लोकल मिळालेली नाही, ही या महानगराच्या नियोजनातली सर्वांत मोठी लाजिरवाणी गोष्ट आहे असं मला वाटतं.

आडवा मार्ग नसल्याची किंमत उभ्या मार्गावरचे प्रवासी मोजतात. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान वळणावर लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले. कर्जत, कसारा, बदलापूर, कल्याण, डोंबिवली, दिवा इथला नवी मुंबईकडे जाणारा मोठा लोंढा आजही ठाण्याच्या चिंचोळ्या गळ्यातून जातो. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये वापरात आली. चौदा वर्षं. तेवढ्या काळात दिव्याच्या आसपास वस्ती किती वाढली ते दिवेकरांना सांगायला नको. २ जानेवारी २०१५ ला त्याच दिवा स्टेशनात प्रवाशांचा संताप रुळांवर उतरला होता, हेही ते विसरलेले नाहीत.

म्हणजे मार्ग हवा आणि लवकर हवा. प्रश्न आहे तो कसा हवा, याचा. आणि 'कसा' हे सांगायला कायद्याने आपल्याला फारच थोडी जागा ठेवली आहे.

धरण, खाण, मोठा कारखाना किंवा महामार्ग आला की जनसुनावणी होते हे आपण ऐकलेलं असतं. गावात मांडव पडतो, अधिकारी येतात, लोक बोलतात, इतिवृत्त लिहिलं जातं. ही सुनावणी २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेमुळे होते आणि त्या अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्ग नाही. त्यामुळे ६९ किलोमीटरची रेल्वे तुमच्या खाडीवरून, खाजणातून, शेतातून गेली तरी त्या कारणाने जनसुनावणी घेण्याचं बंधन कुणावर नाही. खाडीकाठासाठी सागरी किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते, कांदळवन तोडायचं तर उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. पण त्या प्रक्रियांत खारबावच्या शेतकऱ्याला किंवा नावड्याच्या प्रवाशाला बोलावून विचारलं जातं असं नाही.

दुसरी वाट रेल्वे कायद्यातली आहे. १९८९ च्या या कायद्यात २००८ मध्ये 'विशेष रेल्वे प्रकल्पां'साठी भूसंपादनाचं प्रकरण घातलं गेलं. कलम २० अ खाली अधिसूचना निघते. तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो आणि त्यातलं एक वर्तमानपत्र स्थानिक भाषेतलं असावं लागतं. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत कलम २० ड प्रमाणे लेखी हरकत घेता येते आणि हरकत घेणाऱ्याला आपलं म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. ही तरतूद चांगली आहे. पण ती कुणासाठी? जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीसाठी. मालक, कूळ, वहिवाटीचा हक्कदार, परंपरागत हक्क गमावणारे आदिवासी. पुढची पन्नास वर्षं त्या फलाटावर रोज उभा राहणारा प्रवासी मात्र या व्याख्येत बसत नाही. गाडी ज्याच्यासाठी आहे त्याला तिच्या आखणीवर हरकत घ्यायला कायद्यात दारच नाही. हे दार आपल्याला आग्रहाने पाडून घ्यावं लागेल.

प्रवाशांची बाजू मांडायला काहीच व्यवस्था नाही असं मात्र म्हणता येणार नाही. रेल्वेच्या प्रत्येक विभागात आणि झोनमध्ये प्रवासी सल्लागार समित्या असतात. खासदारांचे प्रतिनिधी, व्यापारी मंडळं, प्रवासी संघटना यांचे सदस्य त्यांवर असतात. या समित्यांत वेळापत्रक, पंखे, पाणपोई, स्वच्छतागृह यांवर चर्चा होते आणि ती आवश्यकच आहे. पण ती असते चालू मार्गाबद्दल. जो मार्ग अजून झालेलाच नाही त्याचा प्रवासी तिथे कोण? कामण रोडच्या भावी प्रवाशाच्या वतीने बोलणारं त्या टेबलाभोवती कुणी नाही.

उशिरा बोललं की काय होतं, याचे दाखले आपल्याच माणसांच्या रक्ताने लिहिलेले आहेत. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर पावसात चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. तो पूल अपुरा पडतो हे प्रवासी आणि लोकप्रतिनिधी कित्येक वर्षं लेखी कळवत होते. गिरण्या जाऊन तिथे कार्यालयं आली, उतरणाऱ्यांची संख्या कितीतरी वाढली आणि पूल होता तेवढाच राहिला. दुर्घटनेनंतर लष्कराला बोलावलं गेलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांत, नवा पूल उभाही राहिला. पाच महिन्यांत होऊ शकणाऱ्या कामासाठी तेवीस घरांना किंमत मोजावी लागली.

फलाटांच्या उंचीचं तेच झालं. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला फलाट आणि गाडीच्या मधल्या पोकळीत पडून एका कॉलेजकुमारीचे दोन्ही हात गेले. त्यानंतर न्यायालयाने लक्ष घातलं आणि स्टेशनामागून स्टेशन फलाट उंच करण्याचं काम सुरू झालं. लांबीचंही तसंच. पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची पहिली लोकल २००९ मध्ये धावली. पण अंधेरी-विरार धिम्या मार्गावर पंधरा डबे यायला २०२१ उजाडलं, कारण फलाट पुरेसे लांब नव्हते आणि ते चालू वाहतुकीत, रात्रीच्या ब्लॉकमध्ये, तुकड्यातुकड्याने वाढवावे लागले. नव्या मार्गावर पहिल्या दिवसापासून पंधरा डब्यांचा फलाट असेल का? भिवंडी रोडला किती डब्यांची गाडी थांबेल? हा प्रश्न आज एका पत्राचा आहे. दहा वर्षांनी तो कोट्यवधी रुपयांचा आणि कित्येक मेगाब्लॉकचा होईल.

आता याच एमयूटीपीच्या पहिल्या टप्प्यातली एक गोष्ट सांगतो, कारण लोकांना विचारलं आणि न विचारलं यातला फरक तिच्यात स्पष्ट दिसतो. जागतिक बँकेच्या कर्जातून २००२ च्या सुमारास हा प्रकल्प उभा राहिला. मध्य आणि हार्बर मार्गाच्या कडेला, रुळांपासून हातभर अंतरावर हजारो झोपड्या होत्या. गाड्यांना तिथून अगदी हळू जावं लागे. त्या वस्त्यांतल्या रेल्वे झोपडपट्टीवासी संघटनांनी, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, महिला मिलन आणि स्पार्क यांच्या साथीने, घरांची मोजणी स्वतः केली. झोपड्यांना क्रमांक दिले, नकाशे काढले, सहकारी संस्था स्थापन केल्या, कुणी कुठे जायचं ते आपसांत ठरवलं. जवळपास दहा हजार कुटुंबं बळाचा वापर न होता रुळांपासून हलली. पुनर्वसनाच्या इमारतींबद्दल तक्रारी नंतर पुष्कळ झाल्या आणि त्या खऱ्या होत्या, तरी यादीत नाव कुणाचं आणि का, यावर त्या लोकांचा स्वतःचा हात होता.

त्याच प्रकल्पातल्या रस्त्यांच्या कामात असं झालं नाही. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यासाठी उठवल्या जाणाऱ्या कुर्ल्याच्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ मध्ये थेट जागतिक बँकेच्या तपासणी पॅनलकडे तक्रार केली. आम्हाला विचारलं नाही, आमच्या धंद्याची जागा म्हणजे काय हे समजून घेतलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पॅनलने चौकशी केली, अहवालात त्यांच्या तक्रारींत तथ्य आढळलं आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांचे पैसे काही महिने रोखून धरले. 'लोकांना विचारत बसलो तर प्रकल्प रखडेल' असं जे अधिकारी सांगतात, त्यांना या तारखेची आठवण करून द्या. प्रकल्प रखडला होता तो न विचारल्यामुळे.

आणि लांब कशाला जायचं? ऐरोली-कळवा उन्नत जोडमार्ग आपल्या शेजारचाच आहे. कल्याणकडच्या प्रवाशांना ठाण्याला न उतरता नवी मुंबईत जाता यावं म्हणून तो २०१६ मध्ये एमयूटीपी ३ मध्ये मंजूर झाला. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण कळव्याकडचा मुख्य दुवा अडकला. तिथे सुमारे हजार कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न आहे आणि त्यांना कुठे, कसं हलवायचं हे आधी त्यांच्याशी बोलून ठरलेलं नव्हतं.

विरोधसुद्धा वेळेवर करावा लागतो, हे कोकण रेल्वेच्या वेळी गोव्याने अनुभवलं. किनाऱ्यालगतच्या तालुक्यांतून, खाजण शेतीतून मार्ग नेऊ नका, आतल्या भागातून न्या, अशी मोठी चळवळ तिथे उभी राहिली. १९९३ मध्ये काम काही काळ थांबलं, आयोग नेमला गेला. पण तोवर आखणी झाली होती, जमिनी घेतल्या होत्या, भराव पडू लागले होते. मार्ग बहुतांशी ठरला होता तोच राहिला. त्या चळवळीतल्या माणसांची कळकळ कमी नव्हती. हाती वेळ कमी होता.

आपल्या हातात तो थोडा आहे. प्रकल्पाचा अहवाल तयार झाला म्हणजे सगळं संपलं असं नसतं. अंतिम मोजणी, स्टेशनांचे नकाशे, जमिनीची अधिसूचना, निविदा अशा पायऱ्या एकामागून एक येतात आणि प्रत्येक पायरीला बदलाची जागा अरुंद होत जाते. निविदा निघाली की कंत्राटदाराचा दर, मुदत आणि दावे यांच्यात सूचना अडकतात. भिंती उभ्या राहिल्यावर खिडकी कुठे हवी हे सांगून गवंडी ऐकत नाही.

आता तुमच्याकडे काय आहे ते सांगतो. तुमच्याकडे अशी माहिती आहे जी कुठल्याही सल्लागार कंपनीकडे नाही. पाणी घ्या. वसईत जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-वसईचे रूळ पाण्याखाली गेले आणि पश्चिम रेल्वे ठप्प झाली. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह अडकली. नौदल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने माणसं सुखरूप बाहेर काढली, आणि आसपासचे गावकरी त्याआधीपासून मदतीला उभे होते. नदी कुठे पसरते हे त्या गावकऱ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. तीच उल्हास पुढे कोपर आणि खारबावच्या मधून जाते आणि वसईच्या खाडीला मिळते. जुचंद्रची मिठागरं, कामणची खाजणं, अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला कुठवर पाणी चढतं, २६ जुलै २००५ ला ते कुठल्या उंबऱ्याला लागलं होतं, कुठली मोरी नंतरच्या भरावांनी बुजली, हे आगरी-कोळी म्हाताऱ्यांना विचारा. नवा भराव म्हणजे नवा बांध. तो पाणी अडवणार की जाऊ देणार, हे मोऱ्यांच्या संख्येवर आणि जागेवर अवलंबून असतं. ती जागा गावाने नकाशावर दाखवली पाहिजे.

वाटा घ्या. रुळांच्या दोन्ही बाजूंना वस्ती आणि पूल फलाटाच्या एका टोकाला, असं झालं की माणसं रूळ ओलांडतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जीव गमावतात आणि त्यांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा असतो. त्यांना बेजबाबदार म्हणणं सोपं आहे. पण दळणाला, दवाखान्यात, शाळेत जायची जी वाट शंभर वर्षं होती ती बंद करून अर्धा किलोमीटरचा वळसा देणाऱ्याची जबाबदारी कोण मोजणार? कुठल्या ठिकाणी रोज किती माणसं रूळ ओलांडतात, त्यांत मुलं किती, डोक्यावर भारा घेतलेल्या बायका किती, हे चार तरुण एका सकाळी मोजून लिहू शकतात. ज्या ठिकाणी माणसं खरोखर ओलांडतात तिथेच पूल किंवा भुयारी वाट मागा. पूल आणि त्याला उतार. नुसत्या पायऱ्यांचा पूल म्हाताऱ्यांना, गरोदर बाईला, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला बंद असतो.

आणि स्टेशनाबाहेरचा रस्ता. याकडे रेल्वे बघत नाही, कारण तिची हद्द कुंपणाला संपते. पालिका बघत नाही, कारण स्टेशन रेल्वेचं. मधल्या पट्ट्यात रिक्षा, फेरीवाले, बस, चिखल आणि रात्री साडेदहाला एकटी उतरणारी बाई. या एका मार्गावर वसई-विरार, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, ठाणे आणि पनवेल एवढ्या महापालिका येतात, मध्ये ग्रामपंचायती आहेत, शिवाय एमएमआरडीए आणि सिडको. प्रत्येकाचा विकास आराखडा वेगळा. बसथांबा, रिक्षातळ, दिवे, पदपथ यांसाठी जागा आत्ता आरक्षित झाली नाही तर तिथे इमारती उभ्या राहतील. इथे मात्र कायदा आपल्या बाजूचा आहे. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्यावर आणि त्यातल्या फेरबदलांवर कुणीही नागरिक हरकती-सूचना देऊ शकतो. त्यांचा उपयोग होतो. मुंबईचा २०३४ चा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितला. इतका मोठा कागद लोकांनी परत पाठवला, हे आपल्याच राज्यात घडलेलं आहे.

शेतकऱ्यांशी वेगळं बोललं पाहिजे. या पट्ट्यातला शेतकरी नोटिसांनी थकला आहे. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा महामार्ग, बुलेट ट्रेन, विरार-अलिबाग कॉरिडॉर, आणि आता ही लोकल. एकाच कुटुंबाच्या सातबाऱ्यावर दोन-दोन प्रकल्पांची रेघ आलेली आहे. त्याला 'विकासाच्या आड येऊ नका' असं सांगण्याचा अधिकार मुंबईत बसलेल्या कुणालाही नाही. पनवेल-उरणच्या भूमिपुत्रांनी जानेवारी १९८४ मध्ये पाच हुतात्मे देऊन साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळवला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा तो लढा जमिनीच्या भावापुरता नव्हता. आमच्या जमिनीवर जे उभं राहील त्यात आम्ही कुठे आहोत, असं तो विचारत होता. तोच प्रश्न आज विचारायचा आहे. उरलेला तुकडा कसता येईल का, शेतात जायला वाट राहील का, स्टेशनातले गाळे आणि वाहनतळ यांत प्रकल्पबाधितांना प्राधान्य आहे का, स्टेशनाला गावाचं नाव असेल का. भरपाईला २०१३ च्या कायद्याचे निकष लागू आहेत हे लक्षात ठेवा. थेट खरेदीचा प्रस्ताव घेऊन कुणी आलं तर एकट्याने सही करू नका, गावाने मिळून बोला.

वसईकरांना तर मी नव्याने काय सांगणार? १९९० च्या आसपास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली, तेव्हा विहिरी, वाड्या, पाणी यांचा हिशेब सामान्य माणसांनी सरकारपुढे मांडला होता. फादर २०२४ मध्ये गेले. त्या चळवळीत सतरंज्या उचललेली माणसं अजून गावागावात आहेत. त्यांनी या वेळी तरुणांच्या सोबत बसावं, एवढीच विनंती.

प्रवासी संघटनांना कळकळीने सांगायचं आहे की, आपापल्या स्टेशनापुरतं बघण्याची सवय या मार्गासाठी बाजूला ठेवा. हा मार्ग पश्चिम, मध्य आणि हार्बर तिन्हींना जोडतो. कोपरला खालून मध्य रेल्वे आणि वरून वसई मार्ग जातो, आणि वरच्या फलाटावरून खाली येताना गर्दीच्या वेळी काय होतं हे डोंबिवलीकर जाणतात. तिथे उद्या दर काही मिनिटांनी लोकल थांबली तर उतरलेली माणसं कुठून जाणार? दिव्याला नवा मार्ग कुठल्या फलाटाला लागेल? वसई रोडला पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जायला किती चालावं लागेल? गाडी बदलण्याच्या या जागांवरच उद्याची एल्फिन्स्टन आहे. वसई, दिवा, पनवेल इथल्या संघटनांनी सगळ्यांच्या सह्यांचं एक निवेदन दिलं तर त्याला वजन येईल. महिला प्रवाशांच्या संघटना त्यात सुरुवातीपासून हव्यात. फलाटावरचं स्वच्छतागृह कुठल्या टोकाला असावं आणि महिलांचा डबा जिथे थांबतो तिथे रात्री उजेड असावा, हे पुरुषांच्या समितीला बहुतेक वेळा शेवटी आठवतं.

रेल्वे विकास महामंडळ, राज्य शासन आणि पाचही महापालिकांकडे आमची मागणी अशी आहे. सविस्तर प्रकल्प अहवालाचा सारांश आणि आखणीचे नकाशे मराठीत, प्रत्येक नियोजित स्टेशनाच्या गावात, ग्रामपंचायतीच्या आणि प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावा. निविदा काढण्याआधी प्रत्येक स्टेशनासाठी एक खुली सुनावणी घ्या. ती संध्याकाळी किंवा रविवारी ठेवा, म्हणजे नोकरदार येऊ शकतील. आलेल्या प्रत्येक सूचनेवर काय निर्णय झाला आणि का, हे लेखी प्रसिद्ध करा. कायद्याने सक्ती नसली तरी मनाईही नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये तर स्पष्ट लिहिलं आहे की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना आणि निर्णय जाहीर करताना त्याबाबतची सर्व संबंधित माहिती सरकारी कार्यालयांनी स्वतःहून प्रसिद्ध करावी, आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा. तो कायदा २००५ चा आहे. वीस वर्षं पुरेशी होतात.

आणि तुम्ही, वाचणारे, या आठवड्यात एवढं करा. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज महामंडळाच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे टाका. पनवेल-वसई मार्ग आज कुठल्या पायरीवर आहे, आपल्या स्टेशनाचा नकाशा, फलाटाची लांबी, पुलांची संख्या आणि रुंदी, बंद होणाऱ्या फाटकांची यादी, मोऱ्यांच्या जागा, एवढं विचारा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नकाशाची प्रत मिळाली नाही तर कागदपत्रांची पाहणी मागा, तोही तुमचा हक्क आहे. गावात असाल तर पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी द्या आणि ठराव करून घ्या. शहरात असाल तर सोसायटीच्या सभेत मांडा आणि नगरसेवकाला त्या सभेला बोलावा. शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांनी मुलांकडून एका सकाळची मोजणी करून घ्यावी. वर्तमानपत्रातल्या भूसंपादनाच्या जाहिराती रोज वाचायला गावात एक माणूस नेमून ठेवा, कारण हरकतीचे ते ३० दिवस कुणासाठी थांबत नाहीत. निवेदन देताना दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका.